गोळी, फवारा, पट्टी की ड्रिप? छातीदुखीच्या नायट्रेटची खानदेशी वॉर्डासाठी पारख

निकाल आधी सांगून टाकतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये एकच नायट्रेट (हृदयाची कळ थांबवणाऱ्या औषधांचा गट) ठेवायचं ठरलं, तर ते आयसोसॉरबाइड डायनायट्रेट ५ मिलीग्रॅम असावं. म्हणजे डॉक्टरांपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळे ज्याला नुसतं ‘सॉर्बिट्रेट’ म्हणतात ते. फवारा याच्यापेक्षा लवकर लागू पडतो आणि ड्रिप याच्यापेक्षा नेमकी चालते, हे मान्य. पण भुसावळचा मे महिना, रात्रपाळीला चाळीस पेशंटमागे एक सिस्टर आणि कुठल्याही क्षणी जाणारी वीज हे सगळं धरून हिशोब केला की साधी स्ट्रिपच पुढे जाते. अट एवढीच की गोळीच्या आधी बीपीचा पट्टा बांधलेला असावा. त्याच्याशिवाय यातलं एकही औषध चांगलं नाही.

पारखताना चार गोष्टी पाहिल्या: किती मिनिटांत गुण येतो, ४५ अंशांत औषध टिकतं का, चूक कुठे होते, आणि बीपी कोसळलं तर दिलेला डोस थांबवता येतो का. शेवटचा मुद्दा औषधाच्या डब्यावर कुठेच छापलेला नसतो, पण रात्री दोन वाजता तोच सगळ्यात मोठा ठरतो.

नायट्रेट करतं काय, तर शिरा सैल सोडतं. रक्त पायांकडे आणि पोटाकडे साठतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, हृदयाचं ओझं कमी होतं आणि कळ थांबते. डोस वाढला की धमन्याही सैलावतात आणि बीपी उतरतं. पाण्याच्या टाकीचं गणित लावून बघा. टाकी भरलेली असताना पाइप रुंद केले तर चालून जातं, टाकीच अर्धी असेल तर वरच्या मजल्याला थेंब चढत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत दिवसभर राबून आलेला, दुपारपासून लघवीलाही न गेलेला माणूस म्हणजे ही अर्धी टाकी. जुलाब-उलट्या झालेला, रक्तस्राव झालेला, फ्रुसेमाइडच्या इंजेक्शनने नुकतंच भरपूर पाणी बाहेर गेलेला पेशंटही तसाच. अशाला ५ मिलीग्रॅमही जड जातात. म्हणून आधी जीभ कोरडी आहे का बघा आणि शेवटची लघवी कधी झाली ते विचारा.

सॉर्बिट्रेट ५ मिलीग्रॅम

जिभेखाली ठेवल्यावर दोन ते पाच मिनिटांत काम सुरू होतं आणि तास-दोन तास टिकतं. स्ट्रिपमध्ये पन्नास गोळ्या येतात, एका गोळीचा भाव कटिंग चहापेक्षा कितीतरी कमी. फॉइलमध्ये असल्यामुळे उन्हाळा सोसण्याच्या बाबतीत ती नायट्रोग्लिसरीन या दुसऱ्या नायट्रेटच्या उघड्या बाटलीपेक्षा कितीतरी मजबूत.

हिचा मोठा गुण मात्र वेगळाच आहे. बीपी पडायला लागलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उरलेली गोळी थुंकायला सांगता येते. फवारा परत घेता येत नाही. दोषही याच गोळीत आहे: विरघळून गेली की तास-दोन तास ती शरीरात राहते. नायट्रोग्लिसरीन अर्ध्या-एक तासात ओसरतं, हे तसं नाही. पहिल्या गोळीला बीपी ठीक राहिलं म्हणून पाठोपाठ दोन दिल्या, तर तिन्हींचा परिणाम एकावर एक चढतो आणि बीपी विसाव्या मिनिटाला पडतं. तोवर सिस्टर दुसऱ्या कॉटवर गेलेल्या असतात. म्हणून शेवटच्या गोळीनंतर कळ गेली तरी निदान अर्धा तास बीपी बघत राहायचं आणि तासभर पेशंटला एकट्याने बाथरूमला जाऊ द्यायचं नाही.

आता देण्याचा क्रम. पेशंट उभा असेल तर आधी बसवा. कॉटचं डोकं वर करून टेकून बसलेला असावा. दम फारसा नसेल तर ४५ अंश पुरे. नाडी, बीपी, ऑक्सिजन सॅच्युरेशन आणि दुखण्याचा आकडा या चारही गोष्टी गोळीच्या आधी केसपेपरवर वेळेसह लिहायच्या. आल्यापासून दहा मिनिटांच्या आत १२ लीडचा ईसीजी काढायचा आणि शक्यतो गोळीच्या आधी काढायचा. कळ चालू असतानाचा ईसीजी जे दाखवतो, ते कळ थांबल्यावरच्या कागदावर नसूही शकतं. व्हीनफ्लॉन (शिरेतली सुई) आधी लावलेली असली तर फार बरं. बीपी पडल्यावर शीर सापडत नाही.

दुखणं आकड्यात सांगायला जुन्या माणसांना जमत नाही. ‘दहापैकी किती?’ विचारलं की ‘लई’ असं उत्तर येतं. अशांना रुपया-आण्यात विचारून पाहा: मघाशी सोळा आणे होतं, आता किती उरलं? उत्तर पटकन मिळतं. फक्त कागदावर शेवटपर्यंत तेच माप ठेवा, अर्धं दहात आणि अर्धं आण्यात नको. अहिराणी बोलणारा पेशंट ‘छातीमा दुखस’ म्हणेलच असं नाही. ‘जीव घाबरस’ एवढंच म्हणून गप्प बसणारे पुष्कळ असतात, विशेषतः मधुमेहाचे पेशंट आणि बायका. यांचं हृदयदुखणं घाम, मळमळ, धाप किंवा नुसता थकवा होऊन येतं.

मग तोंड उघडून बघा. हे पाऊल सगळ्यात जास्त वेळा राहतं. गालात तंबाखू-चुना असतो, गुटखा असतो, कवळी असते. तंबाखू काढून चूळ भरायला लावा. ऑक्सिजन मास्क लावलेला आणि उन्हातून आलेला असेल तर तोंड इतकं कोरडं असतं की गोळी दहा मिनिटांनंतरही आख्खी सापडते. अशा वेळी गोळीच्या आधी एक घोट पाणी देऊन तोंड ओलं करायचं, गोळी ठेवल्यानंतर नाही. गोळी गिळली तर ती आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथेच तिचा मोठा भाग निष्प्रभ होतो. जो उरतो त्याचा गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात ‘फरक नाही’ म्हणून दुसरी गोळी दिली जाते आणि पुढे दोन्ही एकदम लागू पडतात. सूचना एका वाक्याची असावी: जिभेखाली ठेवा, गिळू नका, विरघळेपर्यंत पाणी नाही, बोलणं नाही.

पाच मिनिटांनी त्याच हाताला, त्याच पट्ट्याने बीपी. सिस्टोलिक (वरचा आकडा) ९० च्या खाली असेल, किंवा माणसाच्या नेहमीच्या बीपीपेक्षा ३० ने किंवा जास्त उतरलं असेल, तर पुढची गोळी नाही. नाडी ५० च्या खाली असेल तरी नाही. हार्ट फेल्युअर नसताना १०० च्या वर असेल तरी आधी डॉक्टरांना विचारणं. बीपी धरून आहे आणि कळ आहे, तर दुसरी. अशा जास्तीत जास्त तीन, प्रत्येकीच्या आधी बीपी. तुमच्या हॉस्पिटलच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये बीपीचा यापेक्षा कडक आकडा असेल, पुष्कळ ठिकाणी १०० असतो, तर तोच पाळायचा. आणि तिसऱ्या गोळीची वाट बघत डॉक्टरांना कळवायचं थांबायचं नाही. पहिल्या गोळीने पाच मिनिटांत कळ हलली नाही, तेव्हाच फोन गेला पाहिजे.

नेहमीचं बीपी किती, हे विचारायला कंटाळू नका. ज्याचं रोज १७० असतं त्याला ११५ हा ‘नॉर्मल’ आकडा नसून पडलेला आकडा आहे.

तो एक प्रश्न

नायट्रेट देण्याआधी सिल्डेनाफिल, टाडालाफिल या संबंधाच्या वेळच्या ताकदीच्या गोळ्यांबद्दल विचारणं पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. वॉर्डात मात्र प्रश्न असा येतो: सून डोक्याशी उभी, भाऊ पायाशी, गावचे चार जण दारात, आणि सिस्टर विचारतात, ‘काका, तसली काही गोळी घेता का?’ उत्तर ‘नाही’च येणार. सगळ्यांना बाहेर काढा, पडदा ओढा आणि सरळ विचारा: ‘ताकदीची, संबंधाच्या वेळची गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली का? घेतली असेल आणि मी ही गोळी दिली तर बीपी एकदम कोसळेल, म्हणून विचारतेय.’ कारण सांगितलं की बहुतेक जण खरं बोलतात. सिल्डेनाफिल घेऊन २४ तास आणि टाडालाफिल घेऊन ४८ तास झालेले नसतील तर नायट्रेट बंद, मग तो कुठल्याही रूपातला असो. दोन्ही औषधं एकाच साखळीच्या दोन टोकांवर काम करतात. नायट्रेट शिरा सैल करणारा संदेश वाढवतं आणि सिल्डेनाफिल तो संदेश पुसलाच जाऊ देत नाही. दोन्ही मिळून बीपी इतकं उतरतं की सलाईनलाही दाद देत नाही.

दोन ठिकाणी हा प्रश्न निसटतो. पहिलं म्हणजे बाजारात, जत्रेत, बसस्टँडबाहेर विकली जाणारी ‘जडीबुटी’ची पुडी. अशा शक्तिवर्धक चूर्णांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचं अनेक देशांच्या औषध तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. म्हणून ‘गोळी’ एवढंच न विचारता ‘गोळी, पुडी, काढा’ असं विचारा. दुसरं म्हणजे बायका. फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल स्त्रियांनाही दिलं जातं. याच आजारासाठीचं रिओसिग्वॅटही नायट्रेटबरोबर चालत नाही. ‘बाईमाणूस आहे, काय विचारायचं’ म्हणून सोडू नका, जुनी चिठ्ठी मागा.

नंदुरबारकडच्या, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याच्या वॉर्डांसाठी आणखी एक. तिथे सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आहे आणि ॲनिमियाही भरपूर. फार कमी हिमोग्लोबिनवर नायट्रेट देऊ नये. सिकलसेल असलेल्या तरुण पेशंटची छातीदुखी फुप्फुसातल्या सिकल क्रायसिसची असू शकते, तिथे सॉर्बिट्रेट हे उत्तरच नव्हे. पापणी ओढून बघायला पाच सेकंद लागतात, सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड मागायला तेवढेच.

एऑर्टिक झडप फार अरुंद असणारे, हृदयाचा स्नायू जाड होऊन वाट अडलेले, डोक्याला मार लागलेले किंवा मेंदूतला दाब वाढलेले यांनाही डॉक्टरांच्या स्पष्ट शब्दाशिवाय देऊ नये.

इन्फिरिअर (हृदयाच्या खालच्या भिंतीचा) अटॅक: इथे थांबा

ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर उचललेला दिसला, तर गोळी हातातच ठेवा. या अटॅकमध्ये काही पेशंटच्या हृदयाचा उजवा कप्पाही बाधित असतो, आणि उजवा कप्पा परतणाऱ्या रक्तावरच जगतो. ते रक्त तुम्ही पायाकडे वळवलंत की बीपी धाडकन खाली. उजव्या बाजूचा ईसीजी काढायला डॉक्टरांची वाट पाहावी लागत नाही. व्ही-४ चा इलेक्ट्रोड उचलून उजव्या बाजूला, पाचव्या फासळीफटीत, कॉलरबोनच्या मध्यावरून खाली येणाऱ्या रेषेवर लावा, ईसीजीची पट्टी काढा आणि कागदावर पेनाने ‘व्ही-४ आर’ लिहा. न लिहिलेली पट्टी पुढच्या हॉस्पिटलात नुसता गोंधळ घालते. बीपी कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि फुप्फुसं मात्र स्वच्छ, अशी तिन्ही एकत्र दिसली तर संशय पक्का धरायचा.

तरीही बीपी पडलंच तर: गोळी थुंकायला लावा किंवा ड्रिप बंद करा, पेशंटला सपाट झोपवा, पाय उचला, हाक मारा. फुप्फुसात घरघर नसेल तर ऑर्डरप्रमाणे २५० मिली नॉर्मल सलाईन जोरात सोडायची आणि बीपी पुन्हा बघायचं. एक प्रकार फसवा असतो. बीपीबरोबर नाडीही ४० वर येते. नायट्रेटने नाडी वाढायला हवी असं वाचलेलं असतं, म्हणून सिस्टर बुचकळ्यात पडतात. हा प्रतिक्षेप, म्हणजे शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. पाय वर केल्याने बहुतेक वेळा सावरतो, नाही सावरला तर नाडी वाढवणारं ॲट्रोपीन लागतं, ते ट्रॉलीवर काढून ठेवा.

आणि एक गैरसमज. गोळीने कळ थांबली म्हणजे दुखणं हृदयाचंच होतं, आणि नाही थांबली म्हणजे गॅस, असं ठरवता येत नाही. अन्ननलिकेचा पेटकाही नायट्रेटने सुटतो. थंडीतली भरीत पार्टी, वर ठेच्याची भाकरी, आणि रात्री छातीत जळजळ, ही खानदेशातली ठरलेली कहाणी आहे. तिच्यात कधी खरंच जळजळ असते, कधी अटॅक. ठरवतात ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी). शिवाय नायट्रेट कळ थांबवतं, बंद झालेली धमनी उघडत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-४ या ५८ हजारांहून जास्त पेशंटच्या अभ्यासात मोनोनायट्रेट दिल्याने अटॅकमधले मृत्यू लक्षणीय घटलेले दिसले नाहीत. म्हणून सॉर्बिट्रेटच्या नादात ॲस्पिरिन चावायला द्यायची आणि पेशंट पुढे पाठवायची वेळ घालवू नका.

नायट्रोग्लिसरीनची बाटली आणि फवारा

जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी औषध म्हणून उत्तम. एक ते तीन मिनिटांत गुण, अर्ध्या-एक तासात परिणाम संपला. पण हे औषध गोळीतून उडून जातं. ते मूळच्या काचेच्या गडद बाटलीत, झाकण घट्ट लावून, थंड जागी ठेवावं लागतं. आत कापूस घालायचा नाही (तो औषध शोषतो) आणि प्लॅस्टिकच्या डबीत ओतायचं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची आणि काही महिन्यांत बदलायची. खिशात ठेवली तर अंगाच्या उष्णतेने जाते, आणि उन्हात उभ्या ॲम्ब्युलन्सच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली संध्याकाळपर्यंत भरवशाची राहत नाही. जीभ चुरचुरली म्हणजे गोळी ताजी, ही खूणही पक्की नाही. जळगावच्या उन्हाळ्यासाठी आमचं मत: एसी असलेल्या आयसीयूबाहेर नको.

फवारा ही अडचण सोडवतो. औषध बंद डब्यात असतं, उडत नाही, कोरड्या तोंडालाही चालतो. एका दाबाला साधारण ०.४ मिलीग्रॅम. पाच मिनिटांच्या अंतराने, पंधरा मिनिटांत तीनपेक्षा जास्त नाही. इथे चुका हाताच्या असतात. दम्याच्या पंपाची सवय असलेला पेशंट श्वास आत ओढतो. तसं करायचं नाही, श्वास धरून जिभेवर किंवा जिभेखाली मारायचा आणि तोंड मिटायचं. डबा हलवायचा नाही. नवीन असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर माहितीपत्रकात लिहिलेत तितके दाब हवेत मारून मग वापरायचा, नाहीतर पहिला डोस नुसती हवा असते. हवेत मारताना कुणाच्या तोंडावर नाही आणि देवघरातल्या दिव्याजवळ तर नाहीच, द्रव पेट घेतो. किंमतीच्या बाबतीत गोळीपुढे नाकापेक्षा मोती जड. तालुक्याच्या मेडिकलात तो असेलच असा भरवसाही धरू नये. कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) असलेल्या हॉस्पिटलने जरूर घ्यावा, ग्रामीण रुग्णालयाने त्या पैशांत आधी बीपीचे दोन चांगले पट्टे घ्यावेत, त्यातला एक मोठ्या दंडाचा.

एनटीजी (नायट्रोग्लिसरीन) ड्रिप

या यादीतलं सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात चुका होणारं रूप. पंप चालू असेल, तीन-तीन मिनिटांनी बीपी बघायला माणूस असेल, तर याला तोड नाही: वाढवता येतं, कमी करता येतं, बंद केल्यावर काही मिनिटांत ओसरतं. यांतलं काहीही नसेल तर ड्रिप म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आपल्याकडची नेहमीची ॲम्प्युल ५ मिलीग्रॅम प्रति मिली, ५ मिलीची, म्हणजे एकूण २५ मिलीग्रॅम. पण सगळ्या कंपन्यांची ताकद एक नसते, १ मिलीग्रॅम प्रति मिलीचीही येते. नवीन खोकं आलं की आधी लेबल मोठ्याने वाचा. ॲम्प्युल कधीही तशीच शिरेत द्यायची नाही. ५ मिली औषध आणि ४५ मिली पाच टक्के डेक्स्ट्रोज किंवा नॉर्मल सलाईन, ५० मिलीच्या सिरिंजमध्ये. मग एक मिलीत ५०० मायक्रोग्रॅम झाले. पुढचं गणित पंपावर चिकटवून ठेवण्याजोगं: ५ मायक्रोग्रॅम दर मिनिटाला म्हणजे ताशी ०.६ मिली, १० म्हणजे १.२, २० म्हणजे २.४, ५० म्हणजे ६. सुरुवात ५ ते १० ने, दर तीन ते पाच मिनिटांनी ५ ते १० ने वाढ, आणि प्रत्येक वाढीच्या आधी बीपी. २०० च्या वर सहसा कुणी जात नाही.

पंप नसलेल्या जागी २५ मिलीग्रॅम ५०० मिलीत घालून मायक्रोड्रिप सेटवर चालवतात. तिथे एका मिलीत ५० मायक्रोग्रॅम, ६० थेंबांचा एक मिली, म्हणून मिनिटाला १२ थेंब म्हणजे १० मायक्रोग्रॅम. गणित सोपं आहे, थेंब सांभाळणं सोपं नाही. पेशंटने हात दुमडला की थेंब थांबतात, सरळ केला की धावतात. पुढच्या हॉस्पिटलात पोचवायच्या वाटेवर चोपडा किंवा शहाद्याहून निघालेल्या ॲम्ब्युलन्समध्ये असं ड्रिप लावण्यापेक्षा ते बंद करून पाठवणं पुष्कळदा शहाणपणाचं, आणि हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

नळीचा मुद्दा कमी लोकांना माहीत असतो. साधा आयव्ही सेट पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी नायट्रोग्लिसरीन शोषून घेतं, अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे पंप २० दाखवतो आणि पेशंटला १० मिळतात. मग कळ थांबत नाही म्हणून दर वाढत जातो. पुढे कुणीतरी सेट बदलून पॉलिइथिलीनची लाइन लावतं, दर तोच ठेवतं, आणि दहा मिनिटांत बीपी ७०. पाकिटावर ‘पॉलिइथिलीन’ लिहिलेली लाइन सुरुवातीपासून वापरा. मिळालीच नाही तर निदान मध्येच बदलू नका, बदललीच तर दर खाली आणून नव्याने सुरुवात करा आणि तसं हँडओव्हरमध्ये सांगा.

बाकीच्या चुका भराभर सांगायच्या तर: एनटीजीच्या लाइनमधून दुसरं इंजेक्शन ढकललं की नळीत साचलेलं एनटीजी एकदम आत जातं, म्हणून तिला वेगळी शीर. सिरिंज बदलताना नळीचा पेशंटकडचा क्लॅम्प आधी बंद. बीपीचा पट्टा ड्रिपच्या हाताला नको. पंपाची बॅटरी किती वेळ चालते हे वीज गेल्यावर कळू नये, महिन्यातून एकदा प्लग काढून बघा. ड्रिप एकदम बंद करू नये, हळूहळू उतरवावी, अर्थात बीपी पडलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि तोंडी ऑर्डर ‘नायट्रो चालू करा’ अशी घेऊ नका. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोप्रुसाइड ही दोन वेगळी औषधं आहेत, दुसऱ्याला सिरिंजभोवती फॉइल गुंडाळावं लागतं आणि त्याची ताकद वेगळी. पूर्ण नाव, मायक्रोग्रॅम प्रति मिनिट आणि कुठल्या बीपीला थांबायचं, हे तीन शब्दशः उलट वाचून दाखवा.

डोकं ठणकणं हे सगळ्याच नायट्रेटचं ठरलेलं. पॅरासिटामॉल द्यावी, आणि पेशंटला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर घरी गेल्यावर ‘गोळीने डोकं फुटतं’ म्हणून तो औषधच सोडतो.

रोजच्या गोळ्या आणि पट्टी

मोनोनायट्रेट, नायट्रोकॉन्टिनसारख्या हळू सुटणाऱ्या गोळ्या कळ येऊ नये म्हणून आहेत, आलेली कळ थांबवण्यासाठी नाहीत. त्या जिभेखाली ठेवणं आणि हळू सुटणारी गोळी कुटून राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) देणं, दोन्ही चूक. डायनायट्रेट आणि मोनोनायट्रेट या नावांत एकाच अक्षरगटाचा फरक आहे, म्हणून त्यांचे डबे वेगळ्या कप्प्यात.

वेळेची चूक मात्र रोज होते. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं आणि आठवडाभरात बरं व्हायचं, रविवारच्या सुटीनंतर पुन्हा ठणकायचं. शरीराला नायट्रेटची सवय होते आणि सुटी मिळाली की ती मोडते, हे तिथेच दिसलं होतं. म्हणून पेशंटलाही दिवसातले दहा-बारा तास नायट्रेटविना हवेत, सहसा रात्रीचे. साधी मोनोनायट्रेट २० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा लिहिली असेल तर ती सकाळी आठ आणि दुपारी तीन अशी सात तासांच्या अंतराने देतात. औषधाच्या तक्त्यात ‘बीडी’ दिसलं की हात आपोआप आठ-आठ लिहितो, आणि औषध चालू असून निकामी होतं.

त्वचेवर चिकटवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या पट्टीलाही हाच नियम: सकाळी लावायची, रात्री काढायची. केस नसलेल्या, कोरड्या जागी, रोज वेगळ्या, दंडावर किंवा छातीवर. लावण्याआधी पट्टीवर तारीख-वेळ-सही, लावल्यावर अंगावर पेनाने दाबून लिहायचं नाही. हातमोजे घाला, नाहीतर डोकं तुमचं दुखेल. नवी लावण्याआधी जुनी शोधा, पाठीवरची राहून जाते. शॉक देण्याआधी पॅडच्या जागेची पट्टी काढून त्वचा पुसून घ्या, मागच्या थरात ॲल्युमिनियम असलेल्या पट्ट्यांवर ठिणगी पडून भाजल्याची उदाहरणं आहेत. काढलेली चिकट बाजू आत घेऊन घडी घालून टाकायची, तिच्यात अजून औषध शिल्लक असतं आणि लहान मुलं स्टिकर समजून उचलतात. खानदेशात एप्रिल ते जून या पट्टीचा आणखी एक शत्रू म्हणजे घाम: पट्टी सुटते. उष्णतेने त्वचेतून औषध जास्तही जातं. या प्रदेशासाठी आमच्या यादीत ती शेवटी.

घरी जाताना

डिस्चार्जला सॉर्बिट्रेट लिहून दिली तर सांगायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत द्या: कळ आली की जिथे असाल तिथे बसा, मोटारसायकल बाजूला लावा, एक गोळी जिभेखाली, घड्याळ बघा, पाच मिनिटांत कमी नाही किंवा वाढली तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत यायचं नाही. ताकदीची गोळी-पुडी यापुढे बंद, हे बायकोसमोर नको, त्यांना एकट्याला सांगा. स्ट्रिप चुलीवरच्या फळीवर, पत्र्याखालच्या खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत नको, माठाजवळच्या ओलीतही नको. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात, रात्री अंधारात हात जाईल अशी.

आणि मेडिकलवाल्याला कापून दहा गोळ्या मागितल्या की पन्नासच्या स्ट्रिपचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर. नावाचा आणि तारखेचा तुकडा मागून घ्यायला सांगा. तो मिळाला नाही तर चिकटपट्टीवर औषधाचं नाव, ताकद आणि तारीख लिहून मागच्या बाजूला लावून द्या. बिननावाची चंदेरी स्ट्रिप रात्री कुणालाच ओळखता येत नाही, आणि त्याच डब्यात बीपीची गोळीही तशीच कापलेली पडलेली असते.